कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य : डोंगरवाटा आणि जुनी गावे एकाच प्रवासात कशी पाहावीत?

प्रश्न : चांदणवाट

नमस्कार. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझी 19 वर्षांची मुलगी अशा दोघी अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात चार दिवस पायी फिरण्याचा विचार करत आहोत. माझे वय 53 आहे. राजगड, तोरणा आणि साल्हेर मी चढले आहे. चढ मला जड जात नाही, मात्र उतारावर मी सावकाश चालते आणि अंधारात चालणे शक्यतो टाळते.

दोन वर्षांपूर्वी मी एका आयोजकाबरोबर हरिश्चंद्रगडावर गेले होते. आम्ही साठ-पासष्ट माणसे होतो. रात्री एक वाजता गडाच्या पायथ्याच्या पाचनईत उतरलो, बॅटरीच्या उजेडात गड चढलो, सकाळी कोकणकड्यावर फोटो काढले आणि दुपारच्या जेवणाला पुन्हा खाली आलो. मंदिरासमोर आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. पाचनई गावातून मी दोनदा गेले, पण एकदा अंधार होता आणि दुसऱ्यांदा बस सुटण्याची घाई होती. उतरताना एका घराच्या ओट्यावर एक आजी सुपात वरई पाखडत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "बाई, एवढ्या लांबून आलात आणि लगेच चाललात का?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ही रुखरुख अजून गेलेली नाही.

म्हणून या वेळी शिखरांची संख्या वाढवायची नाही, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. रतनवाडीपासून हरिश्चंद्रगडापर्यंत डोंगरातून चालत जाता येते, असे ऐकले आहे. ही वाट आमच्यासारख्यांना झेपेल का? मुक्काम कोणत्या गावांत करावा? वाटेतल्या देवळांमध्ये आवर्जून काय पाहावे? कळसूबाईचे शिखर याच प्रवासात बसवावे का? आणि गावात राहताना आपल्याकडून कोणाला त्रास होऊ नये, यासाठी काय सांभाळावे? ज्यांनी हा भाग सावकाश पाहिला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर 1 : सह्यपथिक

आधी कळसूबाईविषयी, कारण तिथेच तुमचे वेळापत्रक बिघडण्याचा धोका आहे. हे अभयारण्य 1986 साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे 362 चौरस किलोमीटर आहे. कळसूबाई त्याच्या उत्तर टोकाला, तर हरिश्चंद्रगड दक्षिण टोकाला येतो. मध्ये भंडारदऱ्याचा जलाशय आणि रतनगड, कात्राबाई, आजोबा या डोंगरांची उत्तुंग रांग आहे. 1646 मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर राज्यात सर्वांत उंच असल्यामुळे सोडवत नाही हे खरे, पण बारी गावातून ते एका दिवसात स्वतंत्रपणे करता येते. या प्रवासातून ते वगळा. पुढे कधी जाल तेव्हा रविवार आणि नवरात्र टाळून जा, म्हणजे शिड्यांपाशी खोळंबावे लागणार नाही.

तुम्ही ऐकलेली वाट खरी आहे आणि माझ्या मते सह्याद्रीतल्या सर्वांत समृद्ध वाटांपैकी ती एक आहे. रतनवाडी, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड, टोलार खिंड आणि खिरेश्वर असा तिचा क्रम लागतो. तिच्यासाठी चार नव्हे, पाच दिवस काढावेत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पाचवा दिवस मिळतच नसेल, तर रतनगड सोडा, पण दोन गावांमधली चाल सोडून मध्ये गाडीत बसू नका. रतनगड पुन्हा कधीही पाहता येईल. एका गावाच्या देवळापासून निघून खिंड ओलांडून दुसऱ्या गावाच्या शेतात उतरण्याचा अनुभव मात्र सलग चालल्याशिवाय येत नाही.

पहिल्या दिवशी कसारा किंवा इगतपुरीला उतरून घोटी, बारी आणि शेंडी या मार्गाने रतनवाडीला पोहोचा. शेंडीला भंडारदऱ्याचे धरण लागते. त्याचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली पूर्ण झाले, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची ती दगडी भिंत आहे. प्रवरा अडवून झालेल्या या जलाशयाचे पाणी रतनवाडीच्या जवळपर्यंत पसरते. दुपारी तीनपर्यंत गावात पोहोचलात, तर अमृतेश्वराचे मंदिर उतरत्या उन्हात पाहता येईल. त्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारी मंडळी इथे आहेत, म्हणून मी थांबतो.

दुसरा दिवस रतनगडासाठी ठेवा आणि पाठीवरचे ओझे गावातच ठेवून जा. सुरुवातीची वाट प्रवरेच्या ओढ्याच्या संगतीने जाते आणि तो ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. मग दाट रान लागते. त्या रानात वाट फुटते : एक फाटा शिड्यांकडे म्हणजे गडावर जातो आणि दुसरा कात्राबाईकडे. तो फाटा जाताना नीट पाहून ठेवा, कारण तिसऱ्या दिवशी तुम्हाला तिथूनच वळायचे आहे. शिड्या चढून गेल्यावर गणेश दरवाजा, पुढे रत्नादेवीची लहानशी गुहा आणि मग हनुमान दरवाजा येतो. माथ्यावरचे नेढे, म्हणजे कड्याला आरपार पडलेले भले मोठे भोक, हे या गडाचे वैशिष्ट्य आहे. तिथे वारा इतका जोराचा असतो की टोपी हातात धरावी लागते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नेढ्यात बसून शेजारच्या माणसाशी बोलताना मला त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागले होते. इथून एका अंगाला अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई दिसते आणि दुसऱ्या अंगाला आजोबा, कात्राबाई व दूरवर हरिश्चंद्रगड. पुढच्या तीन दिवसांत तुम्ही चालणार आहात तो सारा मुलूख इथून एका नजरेत येतो, म्हणून वेळ असेल तर रतनगड पहिल्यांदाच करावा असे मी म्हणतो.

तिसरा दिवस सर्वांत मोठा आहे. रतनवाडीहून कात्राबाईची खिंड चढून कुमशेतला उतरायला सावकाश चालीने सहा ते सात तास धरा. सकाळी साडेसहाला निघालात तर उजेडाची काळजी उरणार नाही. या टप्प्यावर वाटाड्या घ्यावाच, कारण जंगलात गुरांच्या वाटा मुख्य वाटेला इतक्या ठिकाणी येऊन मिळतात की अनुभवी माणूसही चुकतो. चौथ्या दिवशी कुमशेतहून मुळा नदी ओलांडून पाचनईला जा. ही चाल सुमारे चार तासांची आहे. पाचनईला दुपारीच पोहोचून तिथेच मुक्काम करा. तुमच्या त्या आजींना उत्तर देण्यासाठी एक आख्खी संध्याकाळ मिळेल.

पाचव्या दिवशी पहाटे गडावर चढा. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची आहे. तिचा एक भाग पुढे झुकलेल्या कड्याच्या पोटाखालून जातो आणि बाजूलाच मंगळगंगेची घळ खोल उतरत जाते. रात्रीच्या अंधारात तुम्ही तो भाग ओलांडला असेल आणि त्यातले काहीही पाहिले नसेल. गड पाहून दुपारी एकच्या आत टोलार खिंडीच्या दिशेने निघा. त्या वाटेवर जंगलातले चढउतार आणि शेवटी रेलिंग लावलेला कातळटप्पा आहे. उतारावर तुम्ही सावकाश चालता असे लिहिले आहे, म्हणून खिरेश्वरपर्यंत चार-साडेचार तास मोकळे ठेवा. खिरेश्वरहून खुबी फाट्यावर आलात की माळशेज घाटाच्या रस्त्यावर कल्याणकडे किंवा आळेफाट्याकडे जाणारी एसटी मिळते.

उत्तर 2 : शिलालेख_वाचक

सह्यपथिक यांनी वाट उत्तम सांगितली आहे. मी देवळांपुरते लिहितो.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर शिलाहार काळातले मानले जाते आणि झंझ राजाशी त्याचे नाव जोडले जाते. या राजाने बारा नद्यांच्या उगमांशी बारा शिवालये बांधली अशी परंपरा आहे, आणि प्रवरेच्या उगमाशी उभे असलेले हे मंदिर त्यांपैकी एक सांगितले जाते. लोक शिखराचा फोटो काढून आत जातात आणि परत फिरतात. तुम्ही आधी मंदिराभोवती एक पूर्ण फेरी घाला. शिखराच्या चार बाजूंनी वर जाणाऱ्या उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या मधल्या जागेत ओळीने रचलेली लहान लहान शिखरे, ही भूमिज शैलीची खूण आहे. खालून वर जाताना ती लहान शिखरे क्रमाने बारीक होत जातात, त्यामुळे डोळा आपोआप वर चढतो. मग आत जाऊन खांबांवरचे कोरीवकाम आणि छताची नक्षी पाहा. बॅटरी तिरपी धरून प्रकाश टाकला, तर समोरून न दिसणारे बारकावे उठून दिसतात. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंडी त्या पाण्याखाली जाते.

मंदिराजवळची पुष्करणी चुकवू नका. चौकोनी कुंड, आत उतरणाऱ्या पायऱ्या आणि भिंतींतल्या देवकोष्ठांमध्ये, म्हणजे कोनाड्यांमध्ये, बसवलेल्या मूर्ती अशी तिची रचना आहे. मी तिथे एकदा सकाळी दोन तास बसलो होतो. नऊच्या सुमारास ऊन पाण्यावर पडले आणि पाण्यावरून परतलेला उजेड समोरच्या कोष्ठातल्या मूर्तीच्या चेहऱ्यावर हलू लागला. ही मूर्ती मी आधी दोनदा पाहिली होती, पण तिच्या मुकुटावरची नक्षी त्या दिवशी प्रथमच दिसली. तेव्हापासून कोणत्याही देवळात गेलो की मी किमान दोन वेगवेगळ्या वेळी जातो.

हरिश्चंद्रगडावरचे मंदिर वेगळ्या जातीचे आहे. तिथे डोंगराचा कातळ आणि माणसाने रचलेला दगड यांची सीमा सहज कळत नाही, कारण मंदिराच्या भोवती कातळात खोदलेल्या गुहा आहेत आणि आवाराचा काही भागही कातळातच आहे. मंदिरात चांगदेवांचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. चांगदेवांनी इथे तप केले, ही श्रद्धा या भागात आजही जिवंत आहे. जवळच सप्ततीर्थ पुष्करणी आहे आणि तिच्या एका बाजूला चौदा कोष्ठे ओळीने बांधलेली आहेत. मंदिराच्या उजव्या हाताला खाली उतरले की केदारेश्वराची गुहा लागते. गुहेत कमरेएवढे थंडगार पाणी, मधोमध भव्य शिवलिंग आणि त्याभोवती कधीकाळी चार खांब होते. त्यांपैकी आता एकच अखंड उरला आहे. हा शेवटचा खांब पडला की कलियुग संपेल असे लोक सांगतात. ही कथा ऐकून काही जण त्या खांबाला हात लावून पाहतात, टेकतात आणि फोटो काढतात. कृपया तसे करू नका. वर छताचा प्रचंड कातळ आहे आणि खाली तो एकटा खांब आहे.

टोलार खिंडीतून उतरताना तिथले व्याघ्रशिल्प थांबून पाहा. दगडात कोरलेला हा वाघ ओबडधोबड आहे, मंदिरातल्या शिल्पांची सफाई त्याला नाही, आणि म्हणूनच मला तो फार मोलाचा वाटतो. खिंड म्हणजे दोन गावांमधले सर्वांत भयाचे ठिकाण. एका बाजूला खिरेश्वर, दुसऱ्या बाजूला कोथळे आणि मध्ये दाट रान. तिथून जाणाऱ्या गुराख्याने आणि प्रवाशाने वाघोबापुढे हात जोडावेत, हे त्या वाटेच्या वापराचेच चिन्ह आहे. अमृतेश्वर एखाद्या राजाच्या नावावर सांगितले जाते, तर हा वाघ ज्यांनी ही वाट रोज तुडवली त्या माणसांचा आहे.

खिरेश्वरला पोहोचल्यावर थकवा आला असेल, तरी गावाबाहेरच्या नागेश्वर मंदिरात जा. बाहेरून ते साधे दिसते. आतले शेषशायी विष्णूचे शिल्प आणि छतावरचे कोरीव पट पाहण्यासाठी मान वर करून अर्धा तास बसावे लागते, आणि पाच दिवस चालून आलेल्या माणसाला तसे बसणे जमते.

उत्तर 3 : मुळाकाठ

मी मूळचा याच तालुक्यातला. आता नोकरीनिमित्त नाशिकला असतो, पण भातलावणीला आणि सोंगणीला म्हणजे कापणीला दरवर्षी घरी जातो. वरची दोन्ही उत्तरे चांगली आहेत. काही गोष्टी आमच्या बाजूने सांगतो.

ज्या वाटेला तुम्ही मंडळी ट्रेक म्हणता, ती आमच्यासाठी सोयरिकीची वाट होती. माझ्या आजीचे माहेर कुमशेत आणि तिची थोरली बहीण रतनवाडीकडे दिलेली. महाशिवरात्रीला अमृतेश्वराची यात्रा असते, तेव्हा आजी पहाटे कात्राबाईच्या खिंडीने निघे आणि दुपारी बहिणीच्या दारात पोहोचे. जाताना टोपलीत हुलगे नेई आणि परतताना काळभाताचे बियाणे आणी. डांबरी रस्ता झाल्यावर तेच अंतर राजूरवरून मोठा वळसा घालून जाऊ लागले, आणि खिंडीतून जाणारी गावची माणसे कमी झाली. म्हणून सह्यपथिक जेव्हा वाटाड्या घ्या म्हणतात, तेव्हा मी त्यात एवढीच भर घालीन की वाटाड्या गावातला आणि शक्यतो पन्नाशीच्या पुढचा घ्या. तो तुम्हाला वाट तर दाखवीलच, पण कोणत्या झाडाखाली वऱ्हाड थांबायचे आणि कोणत्या ओढ्यापाशी वाघराची भीती असायची, हेही सांगेल. आमच्याकडे बिबट्याला वाघरू म्हणतात.

या डोंगरांनी आणखीही माणसे पाहिली आहेत. आमच्या तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सरकार आणि सावकारांविरुद्ध बंड उभे केले. 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. महादेव कोळी समाजाचे हे क्रांतिवीर अशाच खिंडी आणि घाटवाटांच्या बळावर इतकी वर्षे सरकारला हुलकावणी देऊ शकले. किल्ल्यांच्या माहितीफलकांवर राजे आणि सरदार येतात, पण आम्हा गावकऱ्यांना रतनगडाच्या रानात पहिले नाव राघोजींचे आठवते.

नोव्हेंबरचा शेवट तुम्ही चांगला निवडला आहे. त्या सुमारास भाताची सोंगणी बहुतेक उरकलेली असते, खळ्यांवर झोडणी चाललेली असते आणि गावभर नव्या पेंढ्याचा वास भरलेला असतो. ओढ्यांना पाणी असते, मुळेच्या पात्रातून दगडांवर पाय ठेवून किंवा फार तर गुडघाभर पाण्यातून जाता येते आणि सकाळी थंडी बरीच असते. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला लोक लोटतात. हिरडा, बेहडा, सादडा आणि जांभूळ यांच्या झाडांवर काजवे एका लयीत चमकतात, तो देखावा खरोखर अपूर्व आहे. पण काजवे उजेडानेच एकमेकांना बोलावतात, आणि त्याच वेळी रस्त्यावर गाड्यांचे दिवे रात्रभर चालू असतात, याचे आम्हाला फार दुःख होते.

पाण्याविषयी नीट समजून घ्या. घाटघर आणि रतनवाडीचा पाऊस नावाजलेला आहे. इथे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाणी कोसळते. तरीही एप्रिल-मेमध्ये आमच्या वाड्यांवरच्या बाया हंडा घेऊन लांब जातात. खालचा काळा कातळ पाणी धरत नाही. पडले तेवढे पाणी कड्यांवरून कोकणात किंवा नद्यांतून धरणात निघून जाते. म्हणून कोणत्याही विहिरीवर किंवा झऱ्यावर साबण लावू नका, भांडी त्यात बुडवू नका. नोव्हेंबरमध्ये पाणी भरपूर दिसेल, पण सवय बाराही महिन्यांची असावी.

मुक्कामाचे म्हणाल, तर रतनवाडी आणि पाचनईत बऱ्याच घरी राहण्या-जेवणाची सोय होते. कुमशेतला मात्र आधी निरोप द्या, कारण अवेळी पाहुणा आला तर घरातली माणसे स्वतःचे ताट पुढे करतात आणि तुम्हाला ते कळणारही नाही. जेवणाला नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले आणि मिळाले तर हुलग्याचे शेंगोळे मागा. शहरातून आलेल्यांना आवडेल म्हणून घरोघरी आता पनीर आणि नूडल्स करू लागले आहेत, आणि ते जिन्नस राजूरहून विकत आणावे लागतात. नागली, वरई आणि हुलगे घरचे असतात, त्यामुळे तुम्ही ते खाल्ले तर तुमचे पैसे त्याच घरात राहतात. देशी वाणांचे मोल आमच्या तालुक्याने आता ओळखले आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणे जपण्याच्या कामासाठी 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या घरी आजीने जपलेली कणगी प्रथमच सगळ्यांनी वाकून पाहिली.

घरांविषयीही एक सांगतो. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणमातीचा लिंपा आणि वर कौले अशी जुनी घरे दरवर्षी कमी होत आहेत. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, तेव्हा लोक तिचे फोटो काढायला येतात, पण त्याच कारवीने आमच्या भिंती उभ्या केल्या आहेत हे थोड्यांनाच ठाऊक असते. असे घर दिसले तर ओट्यावर बसायला मागा. नाही कोणी म्हणणार नाही. आत मात्र घरच्या बाईने बोलावल्याशिवाय जाऊ नका आणि देवाच्या जागेचा फोटो काढू नका.

गडावर मुक्काम करायचा असेल, तर वनखात्याच्या चौकीवर आधी विचारा आणि त्या दिवशी जो नियम असेल तो पाळा. माझे स्वतःचे मत विचाराल, तर तंबू ठोकून कोकणकड्याच्या काठाशी झोपू नये. कड्याचा काठ आत वळलेला आहे, रात्री धुके आले की दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि कड्यावर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांमुळे तिथली गिधाडे आणि इतर पाखरे हुसकली जातात. पाचनईत झोपून पहाटे निघावे हे सह्यपथिक यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

चांदणवाट

तिघांचेही मनापासून आभार. मुलीने रजेचा पाचवा दिवस मिळवला आहे, त्यामुळे रतनगडही राहील. दोन शंका उरल्या. पहिली अशी की साम्रदजवळची सांधण दरी रतनवाडीच्या मुक्कामातून पाहता येईल का, कारण मुलीला भूगोलाची आवड आहे आणि तिला ती पाहायचीच आहे. दुसरी शंका जरा नाजूक आहे. गावात जाताना मुलांसाठी काही न्यावे का? चॉकलेट वाटणे मला योग्य वाटत नाही, पण रिकाम्या हाताने जाणेही बरे वाटत नाही.

सह्यपथिक

सांधण पाहायची असेल तर पहिल्या दिवशी लवकर या. साम्रद रतनवाडीहून रस्त्याने जवळ आहे, आणि दरीच्या तोंडापासून आत दोन-तीन तास जाऊन परत येणे तुम्हा दोघींना सहज जमेल. दोन्ही बाजूंना उभ्या कातळाच्या भिंती, मध्ये काही ठिकाणी दोन हात पसरावेत एवढीच रुंदी आणि पायाखाली मोठमोठे दगड, असा तो प्रकार आहे. पाण्याचा डोह लागला की तो ओलांडण्याआधी वाटाड्याला खोली विचारा. शेवटपर्यंत जाऊन खाली डेहण्याकडे उतरण्यासाठी दोर आणि जाणकार माणसे लागतात, तो बेत या वेळी करू नका. तुमच्या मुलीला एक गोष्ट दाखवा. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा सारा प्रदेश झाला. दरीच्या भिंतीवर ते थर आडव्या रेघांसारखे दिसतात, आणि डाव्या भिंतीवरची रेघ उजव्या भिंतीवर त्याच उंचीवर पुढे चालू राहते. भेग पडण्याआधी दोन्ही भिंती एकच होत्या हे त्यावरून समजते.

मुळाकाठ

चॉकलेट नको, हे तुम्ही बरोबर ओळखलेत. मुले मग प्रत्येक गाडीमागे धावतात आणि वेष्टने ओढ्यात पडतात. काही न्यायचेच असेल तर गावच्या शाळेत जाऊन गुरुजींच्या हाती वह्या किंवा गोष्टींची पुस्तके द्या. शाळा दहा-साडेदहाला भरते, त्यामुळे पाचनईला चौथ्या दिवशी दुपारी पोहोचलात की शाळा सुटण्याआधी वेळ मिळेल. घरच्यांसाठी राजूरचे पेढे घेतले तर ते सर्वांत आवडतील. पण तुमची वाट राजूरवरून जात नाही, म्हणून शेंडीला उतरल्यावर तिथल्या दुकानात विचारा.

आणि त्या आजींचे घर शोधायचे असेल, तर ओट्यावर वरई पाखडणाऱ्या आजी पाचनईत घरोघरी भेटतील. गडाची वाट गावातून ज्या बाजूने वर निघते, तिथल्या शेवटच्या चार-पाच घरांपासून विचारायला सुरुवात करा. तुम्ही उतरताना त्यांच्याच दारावरून आला असाल. संध्याकाळी पाचनंतर जा, म्हणजे शेतावरची माणसे परतलेली असतील आणि आजी चुलीपाशी असतील.